सगळ्यांचीच गेलीय

सभागृहातले पंखे थांबले, तेव्हा औषधांच्या दुकानाचा मालक तावातावाने बोलत होता. "एकदा वीज खासगी कंपनीच्या हातात द्या. सगळे सुतासारखे सरळ होतील!"

गल्लीच्या रिवाजाप्रमाणे कुणीतरी आधी खिडकीतून डोकावलं. "सगळ्यांचीच गेलीय." झालं, सभा निश्चिंत झाली. आपली एकट्याची गेली की जिवाला घोर. शेजाऱ्यांचीही गेली की कसं गार वाटतं!

कोंबडीची पिल्लं उबवून विकणारी बाई तेवढी चुळबुळली. तिच्या उबवणी यंत्रातली अंडी आजच तडकायला लागली होती. येईल आत्ता, म्हणत तीही बसून राहिली. हात वर करून मत द्यायचं होतं, आणि तिला कंपनीच हवी होती. सरकारी कारभाराला ती विटली होती.

निवृत्त मास्तर उठले. "सरकारला निवडणुकीत जाब तरी विचारता येतो. कंपनीला कुठे गाठणार?"

"जाब विचारून दिवे लागतात का?" दुकानदार म्हणाला.

"आणि फायदा नाही म्हणून कंपनीने टेकडीवरच्या घरांची वीजच तोडली, तर?"

दोघेही हटायला तयार नव्हते. अंधार पडत चालला, तरी चर्चा काही आटपेना.

शेवटी बाईला राहवेना. ती घरी धावली. यंत्र गार पडलं होतं. आतला चिवचिवाट जवळजवळ थांबला होता. तिने यंत्राभोवती रजया गुंडाळल्या, नवऱ्याला गरम पाण्याच्या बाटल्या भरायला लावलं. अर्धवट बाहेर आलेल्या एका पिल्लाने तिच्या तळहातावरच मान टाकली. ते तसंच घेऊन ती सभेत परतली. तिला रडूही येत होतं आणि संतापही.

"मास्तर, हे बघा तुमचं सरकार!" तिने पिल्लू टेबलावर ठेवलं. मास्तरांची मान खाली गेली. दुकानदार पुढे सरसावला.

"थांबा," बाई म्हणाली. "वीज मंडळातल्या त्या मेल्यांना फोनच लावते. स्पीकरवर. कसे उचलत नाहीत ते ऐका सगळे!"

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"केव्हापासून अंधारात बसलोय आम्ही! झोपलात का सगळे?"

"अख्ख्या गल्लीची गेलीय?" पलीकडचा माणूस दचकला. "फ्यूज उडाला असणार. वायरमन इथेच बसलाय, लगेच पाठवतो. पण बाई, कळवायला एवढा उशीर का केलात? तुमच्या गल्लीतून हा पहिलाच फोन आहे."