अर्धा टोस्ट

"माझा अर्धा टोस्ट कुठे गेला?" दादानं विचारलं.

न्याहारी उरकून बाबांनी नुकतंच सुरू केलेलं शिलाई मशीन थांबलं. आईच्या हातातली बशी हातातच राहिली. आठ वर्षांची चिंगी टेबलाशी बसून बोटं चाटत होती.

"मी खाल्ला," ती म्हणाली. "तू फोनवर बोलायला गेलास ना. नाहीतरी तू टाकतोसच."

दादाच्या ताटाबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. शर्यतीत जोरात पळता यावं म्हणून पंधरा वर्षांच्या पोरानं वजन उतरवायला घेतलं आणि मग त्याला थांबताच येईना. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. एकेका घासासाठी विनवण्या झाल्या, आरडाओरडा झाला, रडारड झाली. शेवटी डॉक्टरांनी शिस्त लावून दिली: तिन्ही वेळा सगळ्यांनी त्याच्यासोबत बसायचं, ठरलेलं वाढायचं. टोमणा नाही आणि कौतुकही नाही. तेरा महिने सगळे असे जपून जेवत होते. आज चिंगीनं सगळ्यावर पाणी फिरवलं होतं.

"आज टाकणार नव्हतो," दादाचा आवाज चढला. "भूक लागलीय मला. कुणाला विचारून खाल्लास?"

चिंगी टेबलाखाली शिरली. दादा तिच्यामागे. खुर्ची आडवी झाली. बाबांनी बेतून ठेवलेल्या बाह्या खाली पडल्या आणि दोघं त्या तुडवत पळाले. एरवी कापडाला सुरकुती पडली तरी घर डोक्यावर घेणारे बाबा उठले ते तडक ब्रेडकडे गेले. घाईत गॅस इतका मोठा केला की दोन्ही टोस्ट करपले. दादानं ते तसेच उचलले, चिंगीला ठेंगा दाखवला आणि उभ्या उभ्या कुरुमकुरुम खाऊ लागला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. बाबा तर बंद मशीनमध्ये दोरा ओवत बसले, आणि तो काही केल्या ओवला जाईना.

आई फोन घेऊन गॅलरीत पळाली. रविवारी सकाळीच तिचा फोन आलेला बघून डॉक्टर धसकल्या.

"काय झालं? पुन्हा खाण्यावरून भांडण?"

"हो, डॉक्टर," आईला हसू आवरेना. "पण या वेळी त्याला कमी पडलं म्हणून."