धूसर शनी

"हा शनी आहे की ऑम्लेट?" दुर्बिणीतून बघत मी विचारलं.

नवीकोरी बायको घाईघाईने फोकस फिरवू लागली. दुर्बीण तिने माहेरून आणली होती. आज माझ्या आईला शनी दिसला नाही, तर दुर्बीण माळ्यावर जाईल, अशी तिला धास्ती होती.

फोकस फिरवून झाला, ऑम्लेट तसंच. शेवटी तिने भिंगावर टॉर्च मारला. तिथे हळदीकुंकवाची बोटं उमटली होती आणि एक अक्षतही चिकटली होती.

"काल खंडेनवमी नव्हती का?" आई म्हणाली. "माझं शिलाई मशीन पुजलं, मग सूनबाईचं हत्यार तसंच ठेवू?"

बायको रडता रडता हसली. भिंग पुसून तिने आईला बोलावलं.

"अगं बाई, किती गोजिरा आहे हा!" आई डोळा न हलवता म्हणाली. "आणि याला घाबरून मी तुमचं लग्न लांबवलं?"