रोजची एक गोळी

डॉक्टरीणबाईंनी बाटली ताटलीत उपडी केली. दोन गोळ्या. तीस दिल्या होत्या, अठ्ठावीस दिवस झाले होते.

"गोळ्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "चूक रक्तात आहे."

रंगारी खुर्चीत बसून नखातला पांढरा रंग कोरत होता. एचआयव्ही आहे हे कळून त्याला चार वर्षं झाली होती. शेजारी त्याची थोरली बहीण. ती शाळेची गाडी चालवायची. तिच्या नुसत्या खाकरण्याने गाडीभर पोरं गप्प बसत.

"गेल्या वर्षी तपासणीत विषाणू सापडत नव्हता. आता चाळीस हजार. रोज गोळी घेणाऱ्याचं असं होत नाही."

"बाटली माझ्याच कपाटात असते," ताई म्हणाली. "सकाळी सातला गोळी बाहेर निघते म्हणजे निघते."

"मग कोकेन. पुन्हा सुरू केलंस का रे?"

रंगाऱ्याने नखातला रंग झटकला. "हो. कालच ओढलं."

"घ्या, पालथ्या घड्यावर पाणी," ताई म्हणाली. "शाळेत नुसता संशय आला तरी मला घरी बसवतील, आणि याचं हे असं."

"कोकेनचा मार दुहेरी असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस गोळी विसरतो, वर विषाणूला बळ मिळतं. ही गोळी आता तुला लागू पडेनाशी झालीय. यापुढचं एकच औषध आहे. तेही असंच वाया घालवलंस, तर माझ्याकडे द्यायला काही उरणार नाही."

"मरेन मग," रंगारी म्हणाला. भिंतीला आणखी एक हात मारावा लागेल, असं सांगावं त्या सुरात.

त्याला लघवी तपासायला पाठवलं. दहा मिनिटांत तपासणीची पट्टी टेबलावर आली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून ती पुन्हा पाहिली.

"व्यसन लपवणारे मी रोज बघते. नसलेलं सांगणारा तूच पहिला. कोकेनचा मागमूस नाही. खोटं का बोललास?"

रंगारी नखं कोरत राहिला.

"त्याला ते शेवटचं औषध द्या," ताई म्हणाली. आवाज तोच, थांबा आला की पोरांना उतरवणारा. "या वेळी सगळं त्यालाच मिळेल. आजार मलाही आहे, बाई; शाळेच्या भीतीने नाव नोंदवलं नाही. एक दिवस गोळी तो घेतो, एक दिवस मी. कोकेनची पावडर तेवढी माझी एकटीची."