केक भाजून होईपर्यंत

बेकरीच्या बाकावर एकच जागा रिकामी होती आणि ती नेमकी वहिनीच्या शेजारी होती. नणंदेने दारातच ते पाहिलं आणि मागे फिरायचं ठरवलं. पण तोवर बेकरीवाल्याने तिच्या हातातला जड डबा घेऊन भट्टीत सरकवलासुद्धा. आता केक भाजून होईपर्यंत सुटका नव्हती.

उद्यावर नाताळ आलेला. केकचं मिश्रण घरी कालवायचं आणि भाजायला इथे आणायचं, अशी गल्लीची रीत होती. बेकरीवाल्याची अट एकच. केक भट्टीत असताना आवाज चढवायचा नाही. त्याने केक मध्येच खचतो, असं त्याचं ठाम मत होतं. खरं-खोटं कुणी तपासलं नव्हतं. स्वतःचा केक पणाला लावून कोण तपासणार? नणंद शाळेत खेळ शिकवायची. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोरांना दम भरणाऱ्या बाईला ही अट म्हणजे शिक्षाच होती.

ती बसली. वहिनी भिंतीकडे बघत राहिली.

निवडणुकीत दादा उभा होता. शाळेचं मैदान काढून तिथे गाड्या लावायला जागा करू, असं त्याच्या पक्षाचं आश्वासन होतं. "मी तुला मत देणार नाही," असं बहिणीने त्याला तोंडावर सांगितलं, आणि दिलंही नाही. दादा अगदी थोडक्यात पडला. तेव्हापासून वहिनीने अबोला धरला होता. दर नाताळला नणंद दादाकडे जेवायची. या वर्षी अजून बोलावणं आलं नव्हतं. तरी तिने केक दादाच्या टेबलाला पुरेल एवढाच केला होता. सवय, दुसरं काय. आणि थोडी आशा, ती तरी कशाला लपवायची.

"एवढा मोठा डबा?" वहिनी भिंतीलाच म्हणाली. "कोण येणार आहे तुमच्याकडे खायला?"

तुमच्याकडे! एरवी वहिनी तिला अगं-तुगं करायची. नणंदेचं डोकं फिरलं.

"ज्याला माझं मत चालतं तो येईल."

"सख्ख्या भावाला पाडलंत."

"दादाने मागितली तर किडनी देईन मी त्याला. आत्ता, या बाकावर. पण मत कसं देऊ? मैदान गेलं की पोरांनी खेळायचं कुठे, गाड्यांच्या टपावर?"

हे सगळं कुजबुजत चाललं होतं. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं. रागाला जोर म्हणून येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, दोघी मिळून तिसरीच्या चहाड्या करताहेत. पलीकडच्या आजीबाई तर कान देऊन ऐकू लागल्या. त्यांना बघून वहिनीने झटकन विषय बदलला.

"मनुका कशात भिजवल्या?"

"रममध्ये. बुडतील एवढी घातली."

"आणि बाटलीत उरली ती?"

"उरतेय कशाला? मनुकांना सोबत नको?"

वहिनीला हसू आलं. ते तिने गिळलं, पण पुरतं गिळता आलं नाही.

"मी संत्र्याच्या रसावर भागवलं," ती म्हणाली. "घरातली रम प्रचारातच संपली. काय ती माणसं! सकाळी तोंड धुवायला जावं तर बाथरूममध्ये कुणी अनोळखी गृहस्थ दाढी करतोय. फ्रीज उघडावा तर लोण्याच्या डब्यावर पत्रकांचा गठ्ठा."

"आणि कोंबडी? उद्या भाजणार आहेस ना? दर वर्षी कोरडी होते तुझी."

"माझी? तुझा दादा मिनिटामिनिटाला ओव्हन उघडून बघतो, म्हणून होते. निम्मी वाफ त्याच्या चष्म्यावर जाते."

आता दोघीही हसल्या, तोंडावर हात धरून. त्या हसण्याच्या आधारावर नणंदेने विचारून टाकलं.

"वहिनी, तो फार चिडलाय का गं माझ्यावर?"

वहिनीने मांडीवरच्या फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"तो कुठला चिडतोय? रोज विचारतो, तिला जेवायला सांगितलंस का म्हणून. मीच सांगत नव्हते."

"का?"

वहिनीने आजीबाईंकडे एक नजर टाकली आणि तोंड नणंदेच्या कानाशी नेलं.

"मीपण नाही दिलं."

"काय?"

"मत. निवडून आला असता तर पाच वर्षं ती माणसं माझ्या घरात. निकालाच्या संध्याकाळी तो तोंड पाडून आला, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसून जेवला. कितीतरी दिवसांनी. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की माझीच मला लाज वाटली. तू निदान त्याला तोंडावर सांगितलंस. तुझ्यासमोर उभं राहायला मला होईना."

नणंदेचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस ती वहिनीच्या रागाला घाबरत होती, आणि वहिनी तिला घाबरत होती. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही बिनआवाजाचं करावं लागलं.

"दादाला माहीत आहे?"

"वेडी आहेस का? त्याला वाटतं, घरात फितूर एकच."

बेकरीवाल्याने भट्टीचं दार उघडलं. जायफळाचा आणि भाजलेल्या साखरेचा वास थेट बाकापर्यंत आला. वहिनी उठली आणि आपल्या फडक्यात तिने नणंदेचाच डबा आधी उचलून घेतला.

"उद्या लवकर ये," ती म्हणाली. "कुणी कुणी दगा दिला असेल, ते तो अजून जेवताना मोजत बसतो. त्या टेबलावर मी फार एकटी पडते."