डावा कप

"बाबा, डोळे मिटा अन् सांगा," निशांत म्हणाला आणि त्यानं बंडोपंतांपुढे दोन सारखे कप ठेवले. "जिची कॉफी आवडंल ती मशीन ओट्यावर राहील. दुसरी माळ्यावर."

पद्माबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. डावा कप त्यांचा होता. उजवा सुनेचा, म्हणजे सुनेनं पुण्याहून आणलेल्या त्या काळ्या डब्याचा. ओटा लहान. दोन्ही मशीन मावत नव्हत्या, आणि पद्माबाईंना मावायलाही नको होत्या.

निशांत आणि ईरा सुट्टीला वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावातल्या घरी आले ते ही मशीन घेऊनच. तेव्हापासून पद्माबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मशीन पाणी स्वतःच तापवी, पावडर स्वतःच मोजी, थोडं पाणी शिंपडून पावडर फुगेपर्यंत थांबे आणि मग वरून गोल गोल धार सोडी. ईरा फक्त बटण दाबायची. मनगटाला एक घड्याळ, बाकी हात मोकळे. आणि बंडोपंत जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून लहान पोरासारखे बघत बसायचे. "आता काय करून राह्यली ही? थांबली काऊन? यात आपल्याले वरून काईच ओता लागत नाई?" इतके प्रश्न त्यांनी लग्न जमवताना ईराला विचारले नव्हते.

पद्माबाईंना हेवा वाटत होता. सुनेचा वाटत होता, मशीनचा वाटत होता, तिच्या त्या निळ्या दिव्याचासुद्धा वाटत होता. सुनेनं सासऱ्याला जेवायला वाढलं तर त्यांचं पोट दुखत नसे. मुलानं औषधं आणून दिली तर उलट बरंच वाटे. पण सकाळची पहिली कॉफी लग्नापासून त्यांच्या हातची होती. तीही गेली, तर या माणसाला आपली गरज ती काय उरली?

त्यांची मशीन बंडोपंतांच्या मित्रानं कुवेतहून आणली होती, निशांतच्या जन्माआधी. नारिंगी, अंगानं जाडजूड. एक खटका, एक लाल दिवा. पाणी भरून खटका दाबला की ती बराच वेळ गुरगुरायची, मग गरम पाणी पावडरीवर ठिबकायचं आणि खालच्या काचेच्या भांड्यात कॉफी उतरायची. बंडोपंतांना तिचा कोण अभिमान. आल्यागेल्याला सांगायचे, "एकदाही रिपेरीले नाई गेली."

ती केव्हाच मेली होती. बंडोपंत हृदयाचं ऑपरेशन करून घरी आले, त्याच आठवड्यात आतलं कॉइल जळलं. वर्ध्याच्या मिस्त्रीनं उघडून पाहिलं आणि हात झटकले. हे सामान आता कुठंच मिळत नाही म्हणाला. इकडे डॉक्टरांनी बजावलेलं, यांना कसलाही धक्का बसू देऊ नका. पद्माबाईंनी बसू दिला नाही. रोज सकाळी त्या खटका दाबायच्या. लाल दिवा तेवढा लागायचा. मग किटली उचलून त्या स्वतःच वरून पाणी सोडायच्या, गोल गोल, बारीक धारेनं, मशीनच्याच संथ चालीनं. बंडोपंत पुढच्या खोलीत पेपर वाचत ऐकत असायचे. अलीकडे पद्माबाईंचा उजवा खांदा आखडला होता. किटली धरताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी डाव्या हाताचा टेकू देऊन त्या ओतायच्याच. आज तर दार लोटून, ओठ दाबून, सगळा जीव लावून ओतलं होतं.

बंडोपंतांनी डोळे मिटून डावा कप उचलला. एक घोट घेतला. थांबले. मग सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत सगळा कप संपवला. उजव्यातला फक्त एक घोट घेतला.

"ही," ते म्हणाले. बोट उजव्या कपावर होतं.

ईरानं टाळी वाजवली. पद्माबाईही हसल्या, हसावंच लागलं. कप उचलताना त्यांना दिसलं, सुनेची कॉफी जवळजवळ तशीच होती. एका घोटात भुलला हा माणूस, त्यांना वाटलं, आणि अंगाची लाही लाही झाली.

आत येऊन त्यांनी जुन्या मशीनची पिन उपटली. वायर गुंडाळायला घेतली. डोळे भरून आले होते आणि आपल्या डोळ्यांचाही त्यांना राग येत होता. मागे बंडोपंतांची पावलं वाजली.

"एवढी चांगली चालून राह्यली होती माही मशीन," त्या न वळता म्हणाल्या. "पन तुमाले सुनेचीच गोड लागली."

"डावा कप तुहा होता. पह्यल्याच घोटात समजलं मले."

"मंग ती काऊन निवडली?"

बंडोपंतांनी त्यांच्या हातातली वायर काढून घेतली आणि तो आखडलेला उजवा हात हळूच आपल्या हातात धरला. "उद्यापासून तू बाहेर माह्याजवळ बसजो. दोघं मिळून पिऊ."

"अन् माह्या हाताचा काय संबंध?" पद्माबाई अजूनही हट्ट सोडेनात. "कॉफी तर मशीनच करत होती."

बंडोपंतांनी तो हात जरासा हलवला. मनगटावरच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

"रोज सकाळी आयकतो मी," ते म्हणाले. "मशीनच्या हातात बांगड्या असते काय, पद्मा?"