मेंढीची साक्ष

जनावरांच्या विम्याचं विधेयक संसदेत आलं, त्यात गाय-म्हैस होती, मेंढी नव्हती. ते समितीकडं गेलं. समितीनं चारठाण्याच्या मेंढपाळ कासाबाईला साक्षीला बोलावलं. तिला लाडकी मेंढीही दिल्लीला न्यायची होती. "साक्षीला माणूस लागतंय माय, मेंढी न्हाई," मुलगा म्हणाला. तिनं एकटीनंच खासदारांना सांगितलं, "वीज पडताना गाय-मेंढी बघत न्हाई साहेब." समितीनं विधेयकात मेंढी घालायला सुचवलं. मतदानाच्या दिवशी सगळी आळी कासाबाईच्या टीव्हीपुढं जमली. मेंढी दाराशी बांधलेली. अध्यक्ष म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी 'हो' म्हणावं." खासदारांबरोबर आळीही 'हो' ओरडली. "विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं." दिल्लीत शांतता, चारठाण्यातही. तेवढ्यात दारातून लांबलचक 'बेंऽऽ' आलं. तरीही विधेयक मंजूर झालं. कासाबाई मेंढीपुढं पाला टाकत म्हणाली, "रुसली हाय. कायदा हिचा, अन् समितीनं हिलाच इचारलं न्हाई."