हिरव्या शाईतलं लाल

साठी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो. "वाचतात कसले, पाठ करून म्हणतात!" बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मानसशास्त्र शिकणाऱ्या नातीनं एका जुन्या प्रयोगाचा कागद पुढं धरला. "आजोबा, काय लिहिलंय ते सोडा. शाईचा रंग सांगा, भरभर." जन्मभर कापडं रंगवणारा मी हसलो. हिरव्या शाईत 'लाल' लिहिलं होतं. मी ठणकावून म्हणालो, "लाल!" पुढंही तीच गत. बायकोनं कागद ओढला आणि सगळे रंग घडाघडा, बिनचूक सांगितले. "म्हणे रंगारी!" मी खाली मान घातली. नात मात्र टाळ्या पिटत होती. "आजी, तुला वाचता येत नाही, म्हणून तू चुकली नाहीस. आजोबांना आता न वाचता राहताच येत नाही!" माझी छाती फुगली. बायको कागदाकडं बघत राहिली. मग शेजारी येऊन बसली. "अहो, मलाही असं चुकायला शिकवा."